परळ परिसर आणि रक्तविकारशास्त्राची जडणघडण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

हृदयाच्या विकारासाठी कोणाकडे जावयाचे, डोळ्यांच्या तक्रारीसाठी कोणता वैद्य शोधावयाचा, हे महाराष्ट्रातील सर्वसामान्य माणसास आज ठाऊक असते. रक्ताच्या विकाराचे मात्र तसे नाही. अशक्तपणा, वारंवार येणारा ताप, अंगावर उमटणारे निळे-काळे डाग, लहानशा जखमेतून न थांबणारा रक्तस्राव, मुलाच्या हातापायांतील असह्य वेदना अशा निरनिराळ्या तक्रारींमागे एकच अवयव असू शकतो आणि तो अवयव वाहता असतो, ही कल्पना सहजी मनात येत नाही. त्यामुळे 'हेमॅटॉलॉजिस्ट' अथवा रक्तविकारतज्ज्ञ हे नाव रुग्णाच्या कानी बहुधा प्रथम पडते ते रक्ततपासणीचा अहवाल हाती आल्यानंतर.

ही गोष्ट केवळ आरोग्यविषयक अज्ञानाची निदर्शक आहे, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. वैद्यकाच्या बहुतेक शाखा रुग्णशय्येपाशी जन्मल्या आणि नंतर प्रयोगशाळेत गेल्या. रक्तविकारशास्त्राचा महाराष्ट्रातील प्रवास याच्या उलट झाला. येथे रोग आधी ओळखले गेले. त्यांवर उपचार करणारा स्वतंत्र तज्ज्ञ पुष्कळ उशिरा आला. या उलट क्रमाचा मागोवा मुंबईतील परळ या एकाच परिसराच्या आधारे घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

परळचा परिसर :

इ. स. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ साली परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलविण्यात आली. १९२५ साली या संस्थेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. लगेच पुढच्या वर्षी, १९२६ मध्ये, सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले केईएम रुग्णालय सुरू झाले. त्याच सुमारास वाडिया प्रसूतिगृहही उभे राहिले आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालयाची त्यात भर पडली. अशा रीतीने पायी फिरता येईल एवढ्या टापूत लसनिर्मिती, रोगनिदान, प्रसूती व कर्करोगोपचार या चारही गोष्टी एकत्र आल्या. सभोवती कापडगिरण्या आणि गिरणी कामगारांच्या चाळी होत्या. संस्था आणि वस्ती यांचे हे सान्निध्य योगायोगाचे असेल. पण त्याचे परिणाम मात्र योगायोगाचे नव्हते. या संस्थांना जे प्रश्न सुचले ते भोवतालच्या वस्तीतून सुचले, असे दिसून येते.

गिरणी कामगार स्त्रिया आणि ल्युसी विल्स :

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. कांड्या भरणे, सूत गुंडाळणे ही कामे प्रामुख्याने त्यांच्याकडे असत. या स्त्रियांमध्ये गरोदरपणी उद्भवणारा एक तीव्र रक्तक्षय डॉक्टरांच्या नजरेस येत होता. चेहरा पांढराफटक पडणे, अंगावर सूज येणे, धाप लागणे आणि प्रसूतीच्या आगेमागे मृत्यू ओढवणे, असे त्याचे स्वरूप होते. भारतीय स्त्रियांच्या आरोग्याचा दीर्घ अनुभव असलेल्या डॉ. मार्गारेट बालफोर यांनी या प्रश्नाच्या अभ्यासासाठी इंग्लंडमधील डॉ. ल्युसी विल्स यांना पाचारण केले. १९२८ साली विल्स मुंबईस आल्या. माता-मृत्यूच्या चौकशीचा भाग म्हणून त्यांचे काम हाफकिन संस्थेत सुरू झाले आणि त्याला लेडी टाटा स्मारक निधीचे अर्थसाहाय्य लाभले.

१९२८ हे वर्ष मुंबईच्या सामाजिक इतिहासात अन्य कारणांनीही लक्षणीय आहे. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात गिरणी कामगारांचा प्रदीर्घ सार्वत्रिक संप झाला. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात प्रसूती-साहाय्याचे विधेयक चर्चेस आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचा पुरस्कार केला. मातेला प्रसूतीच्या आगेमागे विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली हा कायदा संमत झाला. बालफोर व डॉ. शकुंतला तळपदे यांचा भारतातील गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिविषयक स्थितीवरील अभ्यास १९३० साली प्रसिद्ध झाला. संप, कायदा व रक्ततपासणी या तीन गोष्टी इतिहासलेखनात सहसा तीन वेगळ्या प्रकरणांत येतात. परंतु ज्या स्त्रीच्या संदर्भात त्या घडत होत्या ती एकच होती, हे नजरेआड करून चालणार नाही.

विल्स यांनी प्रथम रोगजंतूंच्या बाजूने तपास केला. परंतु त्यातून काही निष्पन्न झाले नाही. तेव्हा त्या आहाराकडे वळल्या. मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात, याची पाहणी करण्यात आली. या कामात तळपदे व माणेक मेहता या सहकारी डॉक्टरांचा वाटा होता. गरीब मुसलमान स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट आणि त्यांच्यातच या रक्तक्षयाचे प्रमाण सर्वाधिक, असे त्यातून आढळले. पुढे तशाच आहारावर ठेवलेल्या उंदरांवर आणि त्यानंतर माकडांवर प्रयोग झाले. उंदरांवरील प्रयोगात उवांमधून पसरणाऱ्या एका संसर्गाने निष्कर्षांत गोंधळ उडविला. संशोधनाची वाट सरळ नसते याचे हे बोलके उदाहरण होय.

त्या काळी घातक पंडुरोगावर यकृताचे सेवन हा उपाय नुकताच पुढे आला होता. बॉस्टन येथील मायनॉट व मर्फी यांनी १९२६ साली तो प्रसिद्ध केला आणि १९३४ साली त्यांना व्हिपल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु गिरणगावातील स्त्रीस रोज यकृत खाऊ घालणे खर्चाच्या दृष्टीने अशक्य होते आणि अनेकींच्या बाबतीत ते आहारविषयक निर्बंधांमुळेही शक्य नव्हते. विल्स यांनी यीस्टचा आणि पुढे 'मार्माइट' या नावाने विकल्या जाणाऱ्या, मद्यनिर्मितीतील यीस्टपासून बनविलेल्या स्वस्त अर्काचा उपयोग करून पाहिला. रुग्ण स्त्रिया झपाट्याने सुधारल्या. १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यीस्टमधील या अज्ञात घटकास पुढे 'विल्स घटक' असे नाव पडले. १९४१ साली पालकाच्या पानांपासून तो वेगळा काढण्यात आला व त्यास फॉलिक आम्ल असे संबोधण्यात आले. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत त्याची कृत्रिम निर्मिती झाली. त्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते.

येथे रोगाचे स्वरूप थोडे स्पष्ट करणे इष्ट ठरेल. फॉलिक आम्लाअभावी अस्थिमज्जेतील पेशींचे केंद्रक वेळेवर विभागत नाही. पेशी आकाराने मोठ्या परंतु अपक्व राहतात आणि रक्तात तांबड्या पेशींची संख्या घटते. लोहाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयात याच्या उलट, पेशी लहान व फिकट असतात. नुसत्या डोळ्यांना दोन्ही स्त्रिया सारख्याच निस्तेज दिसतात. फरक दिसतो तो काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात. आयुर्वेदाने पांडुरोगाचे वर्णन केले, त्यावर लोहकल्पही सांगितले; परंतु पांडुत्व एक व कारणे अनेक, हा भेद सूक्ष्मदर्शकानेच इतका स्पष्ट केला. रक्तविकारतज्ज्ञाचे काम नेमके याच ठिकाणी सुरू होते.

भारत सरकारने १९७० साली पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा कार्यक्रम हाती घेतला व त्यात गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्यास प्रारंभ झाला. आज आरोग्य उपकेंद्रात मिळणारी 'रक्तवाढीची गोळी' ती हीच. तिच्या पूर्वेतिहासात परळच्या चाळींतील स्त्रियांचा अंश आहे. वैद्यकीय शिरस्त्याप्रमाणे त्यांची नावे शोधनिबंधांत नाहीत. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हेही येथेच नमूद करणे अगत्याचे आहे.

'बॉम्बे' रक्तगट :

कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगटांचा शोध लावला. त्यानंतर ओ गटाचे रक्त कोणालाही चालते, अशी समजूत रूढ झाली. परळने या समजुतीस धक्का दिला. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांना काही व्यक्तींचे रक्त वरवर ओ गटाचे दिसत असूनही ओ गटाच्या रक्ताशी जुळत नसल्याचे आढळले. लंडनच्या लिस्टर संस्थेतील सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्या साहाय्याने त्याची उकल झाली आणि १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये या नव्या गुणधर्माची माहिती प्रसिद्ध झाली. फिलिप लेव्हिन यांनी १९५५ साली अमेरिकेत असेच एक उदाहरण नोंदविले. तेव्हापासून 'बॉम्बे' हे नाव जगभर रूढ झाले.

ए आणि बी या प्रतिजनांचा पाया 'एच' नावाच्या पदार्थाचा असतो. ओ गटाच्या व्यक्तीत ए व बी नसतात. पण एच असतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत पायाच नसतो. तिच्या शरीरात एचविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि त्यामुळे तिला ओ गटाचे रक्त दिल्यास प्राण संकटात येऊ शकतो. भारतात सुमारे दहा हजारांत एक एवढे त्याचे प्रमाण सांगितले जाते. आई व वडील दोघांकडूनही तो दोष आला तरच तो प्रकट होतो. साहजिकच नात्यांतील विवाह जेथे रूढ आहेत तेथे तो अधिक आढळतो.

या शोधाचे संस्थात्मक फलित महत्त्वाचे ठरले. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. तेच पुढे इम्युनोहेमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था म्हणून विकसित झाले. केईएम रुग्णालयाच्या आवारात ते आजही कार्यरत आहे. येथेही आरंभ झाला तो रोग्याच्या उपचारापासून नव्हे, तर रक्ताच्या नमुन्यापासून, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

विदर्भ आणि उल्हासनगर :

हे ज्ञान परळच्या बाहेर कसे गेले, हा पुढचा प्रश्न. शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० साली विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे प्रथम वर्णन केले. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ साली हा विकार हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषाचा असल्याचे दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये लेहमन व कटबुश यांना तो आढळला. मुंबईतील पी. के. सुकुमारन, एल. डी. संघवी व गिरीश व्यास यांनी १९५६ साली पश्चिम भारतातील काही जमातींमध्ये आणि नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ साली मध्य भारतात सिकलसेलची नोंद केली. म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नंदुरबार या पट्ट्यात ज्या आजाराने मुले तळमळत होती, त्याचे शास्त्रीय नाव १९५० च्या दशकातच उपलब्ध झाले होते. ते नाव गावापर्यंत पोहोचण्यास आणखी पन्नास वर्षे लागावीत, याचे समर्थन कोणत्याही साधनटंचाईच्या आधारे करणे कठीण आहे.

या आजारात तांबड्या पेशी ताठर होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडांत तीव्र कळा येतात, वारंवार जंतुसंसर्ग होतो, प्लीहेवर आघात होतो. वाहक व्यक्तीस सहसा त्रास नसतो, उलट हिवतापापासून तिला काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष टिकून राहिला. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हे गणित साधे असले तरी लग्नाच्या बोलणीत ते मांडणे साधे नाही. वाहक मुलीचा विवाह मोडतो, वाहक मुलाची चौकशीदेखील होत नाही, हा अनुभव कार्यकर्त्यांना अपरिचित नाही.

थॅलेसेमियाची कथा फाळणीशी जोडलेली आहे. सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याणजवळील लष्करी छावणीत वस्ती झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली आदी समाजांत बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण तुलनेने अधिक आहे. आजारी मुलास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्या रक्तातून साठणारे लोह काढण्यासाठी आयुष्यभर औषध घ्यावे लागते. निर्वासित कुटुंबांनी घरदार पुन्हा उभे केले. हा वारसा मात्र कोणत्याही पुनर्वसन-खात्याच्या दप्तरात नोंदलेला नव्हता.

प्रयोगशाळेकडून रुग्णशय्येकडे :

ज्या फॉलिक आम्लाने गिरणी कामगार स्त्री सावरली, त्याच्याच विरोधी द्रव्याने रक्ताच्या कर्करोगाच्या उपचाराचा आरंभ व्हावा, हा इतिहासातील एक विलक्षण दुवा आहे. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले अमिनोप्टेरिन हे द्रव्य बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाग्रस्त बालकांना दिले आणि १९४८ साली काही मुलांत रोग तात्पुरता मागे हटल्याचे नोंदविले. सुब्बाराव त्याच वर्षी निवर्तले. रक्ताचा डॉक्टर म्हणजे केवळ निदान करणारा, ही कल्पना येथून बदलू लागली. भारतात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात जे. बी. चटर्जी यांनी या शाखेची पायाभरणी केली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील अशा कार्यास १९८६ साली प्रारंभ झाला.

आज रक्तविकारतज्ज्ञ म्हणविणारी व्यक्ती सामान्यतः वैद्यकशास्त्र अथवा बालरोगशास्त्रातील एम. डी. नंतर तीन वर्षांची डी. एम. ही पदवी घेतलेली असते. तिच्या कक्षेत तीन मोठे गट येतात, असे स्थूलमानाने म्हणता येईल. रक्तक्षय, सिकलसेल व थॅलेसेमिया हे तांबड्या पेशींचे विकार. हिमोफिलिया, प्लेटलेटची कमतरता किंवा शिरांत होणाऱ्या गुठळ्या हे रक्त गोठण्यासंबंधीचे विकार. आणि ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा हे कर्करोग. विकृतिशास्त्रज्ञ काचपट्टी वाचतो, रक्तसंक्रमणतज्ज्ञ रक्तपेढी सांभाळतो. रुग्णाची जबाबदारी मात्र रक्तविकारतज्ज्ञाची. या तिघांतील भेद अनेकदा सुशिक्षितांसही ठाऊक नसतो, कारण दीर्घकाळ एकच व्यक्ती ही सर्व कामे करीत आली.

म्हणून तज्ज्ञाचा शोध आजही परळच्या इतिहासाच्या क्रमानेच घ्यावा लागतो. प्रथम रक्तगणना व रक्ताच्या थराची तपासणी. लोह देऊनही हिमोग्लोबिन न वाढल्यास, पेशींची संख्या अकारण घटल्यास किंवा बेसुमार वाढल्यास, थरात अपक्व पेशी दिसल्यास, कुटुंबात कोणास सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा हिमोफिलिया असल्यास जिल्हा रुग्णालयातून अथवा वैद्यकीय महाविद्यालयातून पुढील वाट मिळते. मुंबईत केईएमच्या आवारातील राष्ट्रीय संस्था, टाटा स्मारक रुग्णालय, तसेच बोरिवली येथे महानगरपालिकेने थॅलेसेमिया व अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी उभारलेले केंद्र ही त्या वाटेवरील परिचित ठिकाणे होत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल या तिन्ही विकारांना दिव्यांगतेच्या यादीत स्थान दिले. त्यामुळे रुग्णास प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद झाली आणि त्या निमित्ताने तज्ज्ञाची सही ही प्रशासकीय गरजही बनली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उगम पावलेल्या आणि टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित झालेल्या 'नेक्सकार१९' या पेशी-उपचारास शासकीय मान्यता मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांत बदल करून, विशिष्ट प्रकारच्या ल्युकेमिया व लिम्फोमावर त्या वापरल्या जातात. त्याच वर्षी १ जुलै रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. आदिवासी भागांतील चाळीस वर्षे वयापर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ ही मुदत ठरविण्यात आली. परळच्या राष्ट्रीय संस्थेने हिमोग्लोबिन-विकारांसाठी चंद्रपूर येथे स्वतंत्र केंद्र उभारले आहे. रक्ताचा नमुना गावाहून मुंबईस जावयाचा आणि अहवाल परत यावयाचा, हा जुना शिरस्ता त्यामुळे निदान एका जिल्ह्यापुरता उलटा फिरला असून सूक्ष्मदर्शक प्रथमच रुग्णाच्या घराच्या दिशेने निघाला आहे.